हिरवे आप्पा

आप्पांचं आडनाव हिरवे नाही. हे नाव मी ठेवलेलं, तेसुद्धा मनातल्या मनात, आणि आजवर ते कुणापाशी बोललेलो नाही. आप्पांच्या कानावर गेलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्याच्या ठेल्यावर ते सुरू करतील, "मला लोक हिरवे का म्हणतात, मालूम आहे? त्याचा एक किस्सा आहे." आणि त्या किश्शात मी कुठंही नसेन.

इंदुरात रामबागेत आमच्या घरासमोर आप्पांचं घर. ओटला पूर्वेला. थंडीचे चार महिने सकाळी नऊ ते अकरा आप्पा त्या ओटल्यावर उन्हात बसलेले असतात. डोक्याला मफलर, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, पाय लांब केलेले आणि दोन्ही तळवे सूर्याकडे. वय 83. सरकारी खात्यात कारकुनी केली, निवृत्त होऊन वीस-बावीस वर्षं झाली. एवढ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही म्हणून घडलेलं नाही. ते परदेशी गेले नाहीत, कोर्टात गेले नाहीत, प्रेमात पडल्याचं ऐकिवात नाही, आणि अपघात झाला तो एकदाच, सायकलवरून, तोही सायकल उभी असताना. तरी रामबागेत सगळ्यात जास्त किस्से कुणाकडे असतील तर आप्पांकडे.

असा एक माणूस प्रत्येक मोहल्ल्यात असतो. त्याला फुकट्या म्हणावं तर तो चहाचे पैसे स्वतः देतो. थापाड्या म्हणावं तर त्याची एकही गोष्ट खोटी नसते. ती कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत अक्षरशः घडलेली असते. फक्त त्याच्या नाही.

या जातीचं वर्गीकरण मला बरीच वर्षं जमत नव्हतं, आणि मी तर पोटासाठी वर्गीकरणच करत होतो. 31 वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, तेही इंदुरात, जिथं समुद्र पाहायचा तर आधी एक रात्र रेल्वेत काढावी लागते. आमच्या विद्यार्थ्यांचा समुद्र कपाटात असायचा, फॉर्मॅलिनच्या बरण्यांत. तारामासा, समुद्रघोडा, माकूळ, सगळ्यांना एकच रंग, शिळ्या चहाचा. एकदा एका मुलानं प्रामाणिकपणे विचारलं होतं, "सर, समुद्रात सगळे पिवळेच असतात का?" त्या बरण्यांपैकी एकीत तळाशी चिंधीसारखं काहीतरी होतं. चिठ्ठीवर मोडकी अक्षरं, एलिशिया. ते जिवंतपणी हिरवंगार असतं हे मला पुस्तकानं सांगितलं, आणि ते हिरवेपण त्याचं स्वतःचं नसतं हेही. त्या दिवशी घरी आलो, समोर आप्पा उन्हात तळवे धरून बसलेले, आणि माझं वर्गीकरण एका क्षणात पुरं झालं.

गोष्ट अशी आहे. समुद्रात बिनशंखाच्या काही चिमुकल्या गोगलगायी शेवाळ खाऊन राहतात. त्यातली सगळ्यात देखणी जपानच्या दक्षिणेकडल्या कुरोशिमा बेटाजवळ सापडली. या बेटावर माणसांपेक्षा गायी जास्त. 1993 मध्ये त्या गोगलगायीचं शास्त्रीय वर्णन झालं आणि बेटावरूनच तिचं नाव पडलं, कोस्टासिएला कुरोशिमी. लांबी पाच ते दहा मिलिमीटर, म्हणजे पोह्याचा एक दाणा. पांढरट तोंड, त्यावर अगदी जवळजवळ टेकवलेले दोन काळे डोळे, कानांसारखी वर आलेली दोन शिंगं आणि पाठभर हिरवी टोकदार पानं. मेंढरानं लोकरीऐवजी कोरफड पांघरली तर कसं दिसेल, तसं. मी तिला पानमेंढी म्हणतो.

शेवाळ खाणारे प्राणी समुद्रात पैशाला पासरी. पण ही शेवाळाच्या पेशीला दातानं भोक पाडते, आतला रस ओढून घेते, आणि त्या रसातलं बाकी सगळं पचवून एक वस्तू मात्र शाबूत ठेवते. ती वस्तू म्हणजे हरितलवक, उन्हापासून साखर बनवणारा वनस्पतीचा कारखाना. तो ती स्वतःच्या पाठीवरल्या पानांत नेऊन बसवते. तिथं आतड्याच्या फांद्या पोचलेल्याच असतात. मालक पचून गेला, कारखाना चालू राहिला. शास्त्रज्ञांनी या प्रकाराला जे नाव दिलं त्यात चोर या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मी वर्गात लवकचोरी म्हणायचो. मागल्या बाकावरची मुलं तेवढी पाच मिनिटं जागी असायची.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एलिशिया क्लोरोटिका या कामातली उस्ताद. जन्मते तेव्हा तपकिरी, कुणी ढुंकून पाहणार नाही अशी. व्हॉशेरिया नावाचं शेवाळ पोटात गेलं की हिरवी होते आणि आकारानंही हुबेहूब पान दिसते. एकदा चोरलेला माल तिच्या अंगात नऊ-दहा महिने टिकल्याची नोंद आहे.

या गोगलगायींच्या गणाचं शास्त्रीय नाव सॅकोग्लॉसा, मराठीत पिशवीजिभे. जिभेवर दातांची एकच ओळ, आणि कामाला एका वेळी एकच दात. तो झिजला की मागचा पुढं येतो. झिजलेला दात मात्र बाई टाकत नाहीत. तोंडाखाली एक पिशवी असते, तिच्यात ते जुने दात साठवून ठेवतात. हे वाचल्यावर मला काही फार नवल वाटलं नाही. आप्पांच्या कपाटात त्यांचे पडलेले चार दात काड्यापेटीत कापसावर ठेवलेले आहेत. मी डोळ्यांनी पाहिलेत.

आता आप्पा जेवतात कसे ते बघा.

वेळ सकाळी साडेसात. ठेल्यावर पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली, खालून वाफ, म्हणून पोहे शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत मऊ. कागदावर पोह्यांचा ढीग, वर बारीक शेव, कांदा, लिंबाची फोड, आणि चिमटीनं जीरावन. शेजारी दोन जिलब्या. आमच्यात एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ येतात. ते सांगत होते, स्कूटरनं रात्री सराफ्यात गेले, गराडू खाल्ले, परत आले, स्कूटर काढली, घरी आले. सकाळी बघतात तर स्कूटर दुसऱ्याची. रंग तोच, किल्ली बिनबोभाट लागलेली. धावत सराफ्यात गेले तर एक शेठ यांच्या स्कूटरवर बसून यांची वाट बघतोय.

गृहस्थांना गोष्ट सांगता येत नाही. मध्ये त्यांनी स्कूटरचं कर्ज, व्याजाचा दर आणि तेव्हाचे ब्रँच मॅनेजर आणले. बाकी सगळे जिलबीकडे वळले. आप्पा वळले नाहीत. त्यांनी पोह्याचा घास तसाच हातात धरून एक प्रश्न विचारला, "किल्ली फिरताना अडली का जराशी?"

हा तो दात.

गृहस्थ थांबले. डोळे मिटले. "हो हो, अडली! मी म्हटलं थंडीमुळं असेल." आणि मग सगळं भडाभडा बाहेर आलं. शेठचा चेहरा, त्याची टोपी, तो काय म्हणाला. या गोगलगायी जे शेवाळ खातात त्यातल्या काही जातींचं अख्खं रोप म्हणजे एकच लांबलचक पेशी असते. एका जागी भोक पाडलं की सगळा रस तिथूनच मिळतो. गृहस्थ त्या जातीचे. आप्पांनी आणखी एकच विचारलं, "डिकीत काय होतं?" काही नव्हतं. आप्पांच्या कपाळावर जरा आठी पडली. मग त्यांनी तो घास खाल्ला.

तीन आठवड्यांनी, त्याच ठेल्यावर: "सन सत्त्याऐंशीची गोष्ट, भिया. मी स्कूटरनं गेलो सराफ्यात..." आप्पांनी जन्मात स्कूटर घेतली नाही. आता डिकीत एक किलो जिलबी होती, आणि ती आप्पांनी घरी येऊन मुलाबाळांसकट खाऊन टाकली होती, म्हणून शेठसमोर रिकाम्या डिकीची किल्ली देताना त्यांची अशी काही फे फे उडाली की ठेलेवाल्याचा झारा हातात राहिला. बँकवाले गृहस्थ समोरच होते. ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि म्हणाले, "वा आप्पा! असंच काहीसं आमच्याकडेपण झालं होतं एकदा."

मी हे पाहून घरी आलो आणि बराच वेळ विचार करत बसलो. आप्पांनी त्या गृहस्थांचं काय काय पचवलं? कर्ज, व्याज, मॅनेजर, तारीख, तात्पर्य. काय ठेवलं? किल्ली जराशी अडली, ते. म्हणजे उजेडात धरल्यावर ज्यातून काही निघेल तेवढंच. यालाही पारख लागते. मी एकतीस वर्षं नोट्स काढल्या, मला ती कधी आली नाही.

माझ्याही पाठीवरून आप्पांचा दात फिरलेला आहे. 1996 च्या डिसेंबरात एम. एस्सी.च्या मुलांना घेऊन मी ओख्याला गेलो होतो. ओहोटी लागलेली, घोट्याएवढ्या पाण्यात खडक उघडे पडलेले, आणि सहलीतल्या एका मुलीनं, देवासची होती, किंकाळी फोडली, "सर, पत्ता चल रहा है!" नखाएवढं हिरवं पान खडकावरच्या शेवाळावरून खरंच चाललं होतं. एलिशियाच्याच वंशातली कुणीतरी. बरणीतल्या चिंधीची जिवंत नातेवाईक मी पहिल्यांदा पाहत होतो. तळहातावर पाणी घेऊन तिला त्यात ठेवलं. तिनं अंगाची दुमडलेली दोन्ही पाखं उघडली आणि आत पानाच्या शिरांसारखं जाळं दिसलं. मुलं गप्प झाली. मीही.

परत आल्यावर आप्पांनी तीनच गोष्टी विचारल्या. पाणी किती होतं, हाताला गार लागली का, आणि मुलगी कुठली.

तीन वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत आप्पा माझ्या उजव्या हाताला बसलेले. त्यांच्या पलीकडे खंडव्याचे कुणी पाहुणे. मठ्ठा वाढून झाला आणि माझ्या कानावर आलं, "मी ओख्याला गेलो होतो तेव्हाची गोष्ट." आप्पांनी समुद्र पाहिलेला नाही. बिलावलीच्या तलावाशीसुद्धा ते काठापासून दहा हात लांब उभे राहतात. पण त्या पाहुण्याच्या पायाला मी खारं पाणी लागताना पाहिलं, इतकं ते वर्णन होतं. देवासची मुलगी किंचाळली. पान चाललं. आप्पांनी ते तळहातावर घेतलं, त्यानं पाखं उघडली, "आणि भाऊसाहेब, त्यानं माझ्याकडं पाहिलं." माझ्याकडं तिनं पाहिलं नव्हतं. हे वाईट वाटण्याचं कारण होऊ शकतं हे मला त्या पंगतीत कळलं. पाहुण्यानं शंका काढली, असा प्राणी कसा असेल? आप्पा शांतपणे माझ्याकडं वळले. "बाळू, तू तर प्राणिशास्त्राचा. असते ना रे अशी गोगलगाय?"

"असते, आप्पा," मी म्हणालो. माझ्याच चोरीच्या खटल्यात मी आरोपीतर्फे साक्ष दिली आणि जिलबी घेतली.

एकदाच कुणीतरी त्यांना पकडलं होतं. गोष्ट ऐन रंगात असताना एका जावयानं म्हटलं, "आप्पा, ही तर आमच्या मामांची गोष्ट." ठेल्यावर शांतता. आप्पा हलले नाहीत. त्यांनी त्या क्षणी सगळी गोष्ट सोडून दिली आणि फक्त शेवटचं वाक्य ठेवलं, "असो. पण म्हातारीनं दार उघडलं नाही ते नाहीच." जपानातल्या नारा महिला विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी 2021 मध्ये दाखवलं की एलिशियाच्या काही गोगलगायी आपलं मुंडकं धडापासून स्वतः होऊन तोडून घेतात. हृदयसुद्धा मागं राहतं. मुंडकं चालत राहतं, शेवाळ खातं, आणि तीन आठवड्यांच्या आसपास नवं धड, नवं हृदय, सगळं उगवतं. म्हाताऱ्या गोगलगायींना मात्र हे जमलं नाही, असं त्या संशोधकांना दिसलं. त्यांनी आप्पांना पाहिलेलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात त्या म्हातारीच्या दाराला नवं घर, नवी गल्ली आणि नवा नवरा फुटलेला मी ऐकला. मामांशी त्याचा काडीचा संबंध उरला नव्हता.

हा गुण रक्तातून येत नाही. 2008 मध्ये काही अमेरिकी शास्त्रज्ञांना वाटलं होतं की क्लोरोटिकानं शेवाळाची जनुकंही उचलली असावीत, म्हणून चोरीचा कारखाना तिला इतके दिवस चालवता येतो. 2013 मध्ये तिच्या अंड्यांतला डीएनए तपासला, त्यात तसा काही पुरावा मिळाला नाही. प्रत्येक पिढी कोरीच जन्मते आणि आपली चोरी आपणच करते. आप्पांचा मुलगा बंगळूरला इंजिनिअर आहे. दिवाळीला येतो तेव्हा चार दिवसांत "हो", "बरं" आणि "निघतो" असे तीन शब्द बोलतो. तपकिरी राहिला बिचारा.

आणि घरात? घरात आप्पा अवाक्षर बोलत नाहीत. काकूंनी हे मला एकदा पापड लाटता लाटता सांगितलं. "बाहेर म्हणे फार बोलतात हे. मला तर साठ वर्षांत एक किस्सा सांगितला नाही." मी विचारलं, का? काकूंनी लाटणं थांबवलं नाही. "मला सगळ्या गोष्टींचे मूळ धनी माहीत आहेत ना."

आप्पा या किश्शांवर जगतात की किस्से नुसते अंगावर बाळगतात, हा प्रश्न मला बरेच दिवस होता. शास्त्रज्ञांनाही आहे. 2014 मध्ये काहींनी अशा गोगलगायी उपाशी ठेवल्या, काही उजेडात, काही मिट्ट अंधारात. अंधारातल्याही कित्येक आठवडे जगल्या, उजेडातल्यांसारख्याच. म्हणजे ऊन खाऊन जगते हे कौतुक जरा जास्तच झालं होतं. काही म्हणतात, चोरलेली लवकं ही शिदोरी आहे, अडीअडचणीला मोडून खायची. दुसरे म्हणतात, उजेडाचा उपयोग होतोच. वाद मिटलेला नाही.

आप्पांवर हा प्रयोग 2020 मध्ये आपोआप झाला. इंदुरात टाळेबंदी कडक होती. ठेला बंद, सराफा बंद, लग्नं बंद, ओटल्यावर बसणंसुद्धा बंद. आमच्या खिडकीतून समोरच्या खिडकीत आप्पा दिसायचे, गजाला धरून उभे. पहिला महिना त्यांनी फोनवर जुने किस्से फिरवले. दुसऱ्या महिन्यात किस्से तोकडे झाले. स्कूटरमधली जिलबी एक किलोची पाव किलो झाली. पुढं पुढं फोन आला तरी नुसतं "बाकी काय?" विचारायचे. काय सांगणार? सगळ्या शहराकडे एकच गोष्ट होती आणि ती कुणालाच नको होती. आप्पा जगले. प्रकृतीला काही झालं नाही, काकूंच्या हातचं व्यवस्थित जेवत होते. पण रंग गेला होता, हे मी प्राणिशास्त्राचा माणूस म्हणून सांगतो. ठेला उघडला त्या सकाळी ते पोह्यांकडं न बघता पहिल्यांदा माणसांकडं बघत गेले. पोहेवाल्याला त्यांनी विचारलं, "गावाला पायी गेला होतास म्हणे. चप्पल कुठवर टिकली?"

पुण्याचा माझा मावसभाऊ आला की आमच्या मराठीला हसतो. "मालूम आहे काय, मतलब काय, हिंदीची उचलेगिरी नुसती." मी त्याला ठेल्यावर नेतो. होळकरांच्या मागं आमचे पूर्वज माळव्यात आले, येताना पोहेही आले असणार. इंदूरनं ते खाल्ले, आम्हाला जवळजवळ पचवलं, आणि पोहे तेवढे ठेवून घेतले. वर शेव घातली, जीरावन घातलं, बाजूला जिलबी. आज अख्खा देश त्यांना इंदुरी पोहे म्हणतो. भाऊ दुसरी प्लेट मागवतो. फिर्याद कुणी कुणावर करायची ते ठरत नाही.

माझी फिर्याद मात्र तयार होती. ती एकाच गोष्टीबद्दल होती, आणि त्यासाठी मी बरीच वर्षं थांबलो होतो.

होळकर संघानं मार्च 1946 मध्ये रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912 धावांवर डाव सोडला. एका डावात सहा जणांची शतकं. सामना इथं, यशवंत क्लबच्या मैदानावर. माझे वडील तेव्हा बारा वर्षांचे. शाळा बुडवून ते मैदानाबाहेरच्या एका लिंबावर चढून बसले होते, आणि किती शतकं झाली ते विसरू नये म्हणून प्रत्येक शतकाला त्यांनी जानव्याला एक गाठ मारली. ही आमच्या घरची गोष्ट. बाबा ती दरवर्षी सांगायचे. आप्पा त्यांचे शेजारी आणि सात वर्षांनी धाकटे. त्यांनी ती ऐकली असणार शंभरदा. बाबा गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच ठेल्यावर माझ्या कानावर आलं होतं, "मी बारा वर्षांचा होतो." आप्पांचा जन्म 1941 चा. त्यांनी बाबांचं वयसुद्धा उचललं होतं.

या थंडीत नातू सुट्टीला आला. वय दहा, सगळं आयुष्य क्रिकेट. रविवारी सकाळी आमच्या अंगणात मला सांगत होता की हैदराबादच्या संघानं आयपीएलमध्ये 287 केल्या, एवढ्या कुणी कधी केल्या नसतील. मी म्हटलं, बस. समोरच्या ओटल्यावर आप्पा तळवे पसरून बसलेले होते, ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. मी मुद्दामच आवाज चढवला.

"912! इथं, आपल्या इंदुरात. आणि माझे बाबा, म्हणजे तुझे पणजोबा, झाडावर बसून बघत होते." गाठींचं सांगितलं. नातू ऐकत होता. "संध्याकाळी घरी आले. माझे आजोबा संध्येला बसवायला जानवं बघतात तर काय? ब्रह्मगाठ एक, आणि शिवाय आणखी पाच!"

"सहा," नातू म्हणाला.

"पाचच."

"शतकं सहा होती ना? मग गाठी सहा. आणि आजोबा, ही तर आप्पाआजोबांची गोष्ट आहे. त्यांनी मला मागच्या वर्षीच सांगितली. तुम्ही तुमची म्हणून का सांगताय?"

मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कारण मला पाच आठवत होत्या. घरात कुणीतरी पाच म्हणाल्याचं पक्कं कानात होतं, पण कोण आणि का, ते काही केल्या हाताला लागेना. दरवर्षी ऐकलेली गोष्ट, आणि तिचा शेवट माझ्याकडं नव्हता.

"सहाच, बाळू," समोरून आवाज आला.

आप्पा ओटल्यावर ताठ झाले होते. त्यांनी उजव्या हाताचा अंगठा डाव्या खांद्यावर स्वेटरच्या आत घातला आणि छातीवरून तिरका खाली आणायला सुरुवात केली. दर दोन बोटांवर अंगठा थांबायचा. भांडारकर. सरवटे. जगदाळे. नायडू. निंबाळकर. कमरेपाशी आल्यावर प्रताप सिंग, आणि तिथं अंगठा दोनदा दाबून, मान जराशी वाकडी करून बारीकसा खोकला. मी आमच्या अंगणातून बघत होतो. तो खोकला आप्पांचा नव्हता. आप्पांना खोकला नाही. अंगठा दोनदा दाबणंही त्यांचं नव्हतं. अकरा वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं, आणि नाहीसं झालंय हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"वडिलांनी जानवं हातात धरलं," आप्पा नातवाला सांगू लागले, "एकेक गाठ मोजली आणि एकेकीला एकेक धपाटा दिला. पाच झाल्या. सहावीला हात वर उचलला आणि तसाच राहिला. म्हणाले, 'ही सहावी कसली? मी उठलो तेव्हा तर पाचच झाली होती!'"

नातू लोळायला लागला. मला ते वाक्य आता बाबांच्या आवाजात ऐकू आलं, त्यामागून आजीचं हसणंही, आणि पाच कुठून आल्या तेही कळलं. कचेरीत गेलेले माझे आजोबा त्या दिवशी कचेरीत नव्हते.

"बघितलंत?" नातू डोळे पुसत म्हणाला. "अशी आहे गोष्ट. तुम्ही त्यांची चोरताय आणि वर चुकीची सांगताय."

माझी फिर्याद मी गिळली. आप्पांनी अंगठा स्वेटरमधून काढला, दोन्ही तळवे पुन्हा उन्हाकडं केले आणि डोळे मिटून घेतले.

"राहू दे रे," ते नातवाला म्हणाले. "सांगू दे त्याला. घरचाच आहे तो."